आईच्या खोलीतले शुद्ध आकडे

१ जून, बसरा
संकल्प : यंदा चिडायचं नाही. अख्खी गल्ली हाजी अब्बूदच्या जनरेटरची लाइन घेते. आपण घेतलेली नाही, घेणार नाही. वीजपुरवठ्याचा भरवसा हा विषय आयुष्यभर शिकवलेल्या प्राध्यापकानेच जनरेटर लावला तर विद्यार्थ्यांनी काय शिकायचं? शिवाय आईच्या खोलीत माझं नोंदयंत्र आहे. लाइट कधी गेली, कधी आली, सगळं आपोआप टिपतं. इतक्या वर्षांचे शुद्ध, निव्वळ सरकारी विजेचे आकडे इराकात दुसऱ्या कोणाकडे नाहीत.
इब्तिहालचं नेहमीचंच : "तुमच्या आकड्यांपायी आम्ही उकडून मरायचं का?" आईची फुप्फुसं थकलीत, तिचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, हे जणू मला ठाऊकच नाही. संशोधकाच्या बायकोला थोडी तरी कदर हवी.

९ जून
आनंदाची बातमी. यंत्राचे आकडे काढले. फेब्रुवारीपासून आईच्या खोलीतली लाइट जवळजवळ जातच नाही! जानेवारीत मी वीज खात्याला शिफारशी पाठवल्या होत्या. उत्तर आलं नाही, पण अंमल झालेला दिसतो. मोठी माणसं उत्तरं देत बसत नाहीत.
दिवाणखान्यात मात्र अंधार आणि घाम. घराचं वायरिंग जुनं झालंय. वायरमन बोलावणे.

१७ जून
अम्मानच्या परिषदेने पेपर स्वीकारला. विषय : बसऱ्याची सुधारलेली वीज. डॉ. विसाम शेजारच्या केबिनमधून हसत आला. म्हणाला, "मुन्धिर, तुझ्याकडे लाइट असते? मग आम्ही सगळे तुझ्याकडेच राहायला येतो. भेंडीचं कालवण तेवढं करून ठेव."
जळतो. दुर्लक्ष करणे.

२६ जून
वायरमन एकदाचा आला. आईच्या खिडकीतून हाजी अब्बूदची वायर आत आलेली निघाली. फेब्रुवारीपासून. इब्तिहालने बांगड्या विकून लाइन घेतली होती. खिडकीला पडदा असतो आणि मी काही पडदे तपासत हिंडत नाही. वर मलाच ऐकवते, "मला सासूबाई जिवंत हव्या होत्या. तुमचा आलेख नको होता."
विश्वासघात. पेपर मागे घ्यायचा? विसामला कोणत्या तोंडाने सांगू?

२९ जून
शांतपणे विचार केला. सरकारी पुरवठाही सुधारलाच असणार. जनरेटरमुळे तो दिसत नाही, इतकंच. थोडे दिवस शुद्ध आकडे मिळाले की पेपर बचावला.

२ जुलै
इब्तिहाल बहिणीच्या ऑपरेशनसाठी नासिरियाला गेली. परवा येईल. निघताना दटावलं, "त्या लाइनीला हात लावायचा नाही. लावलात तर माझ्याशी गाठ आहे."
लाइनीला हात लावला नाही. खटका तेवढा बंद केला. माझ्या हिशेबाने लाइट गेलीच तर थोडा वेळ जाईल. तेवढ्यापुरता खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. शिवाय मी उशाशीच बसणार.
आईला नीट समजावून सांगितलं. धापा टाकत म्हणाली, "तुझं काम आहे ना रे? मग कर बाबा. मला काय कळतंय त्यातलं."

३ जुलै
विभागाची बैठक. अम्मानचा विषय होता, टाळता येण्यासारखी नव्हती. जरा वेळापुरता गेलो.
लाइट गेली. मी आलो तेव्हा मशीन बंद होतं. सिलिंडर रिकामा निघाला. तो भरून कोणी आणायचा, हे घरात कधी ठरलंच नव्हतं.
आई वारली.

६ जुलै
दुखवट्याच्या फातिहाचा शेवटचा दिवस. मांडवात कडू कॉफी, माणसं येतात, जातात. विसाम आला. हात धरून बसला, हसला नाही. जो तो विचारतो, कसं झालं? मी सांगतो, पुरवठा अनपेक्षितपणे खंडित झाला. यात खोटं काही नाही.
बंद खटका इब्तिहालने आल्याआल्या पाहिला होता. वाटलं, आता बायकांत माझे वाभाडे निघणार. दाराआडून ऐकलं. आतेबहिणीने विचारलं तेव्हा ही म्हणाली, "लाइट गेली हो. बसऱ्यात काय नवीन आहे?" माझं नाव काढलं नाही.
म्हणजे तिलाही पटलंय. फार बरं वाटलं. पेपर आईला अर्पण करायचा ठरवलं आणि इब्तिहालला सांगायला गेलो. ती बॅग भरत होती. ऐकून घेतलं. बहिणीला अजून मदत लागत असेल.
आईची जपमाळ तिने स्वतःच्या बॅगेत ठेवली. मला हवी होती. मागायला तोंड उघडलं नाही.