हलवायला ठेवलेला माणूस

८ मार्च १९८७, रविवार

मशीन आलं! अमेरिकेतल्या जावईबापूंनी धाडलं. तुपाच्या डब्याएवढं, वर एक खटका, एक गोल बटण. एक लांब नळी अन् नाकावर लावायचं रबरी टोपण. नानासाहेब म्हणाले, "एवढ्याशा डब्यानं माझं घोरणं थांबतंय व्हय?"

कळंबात कुणी विचारलं, काय काम करतोस, तर मी सांगतो — हलवतो. लोक हसतात. पण खरंच हेच काम. नानासाहेब आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन. मान बैलासारखी. झोपले की वेशीपर्यंत ऐकू येतं. अन् मधीच गप्प. श्वासच बंद! तेव्हा खांदा धरून हलवायचं. मग फुस्स करून सोडतात अन् पुन्हा चालू. लोक रान राखतात, मी श्वास राखतो.

माझ्याआधीचे दोन गडी स्वतःच झोपून गेले. मला झोप कमी, लहानपणापासून चुळबुळ्या. म्हणून टिकलो. जागं राहायला हे लिहितो. चौथीपर्यंतचं शिक्षण एवढ्यालाच कामाला आलं.

पुण्याचा डॉक्टर बोलला होता, "झोपेत घसा मिटतो. कुशीवर झोपवा, उताणं नको. पण एखाद्या रात्री अडलेला श्वास सुटायचा न्हाय." तेव्हापासून काकूंच्या — मथुराबाईंच्या — तोंडचं पाणी पळालंय. अन् माझी सुट्टी बंद. दिवाळीला बी माकणीला गेलो न्हाय. आई एकटी तिथं.

आज नानासाहेब म्हणाले, "मशीन बसलं की तू मोकळा. घरी जाऊन ये, मग पुण्याला पुतण्याच्या गॅरेजात चिकटवतो तुला." पुणं! एका जागी बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्यात.

९ मार्च

मशीन लावलं. आपली लाईट त्याला जास्त होते म्हणं, म्हणून मधी एक जड ठोकळा जोडायचा. जावईबापूंनी मराठीतच लिहिलंय — बटण तीनवर ठेवा, रोज एकेक वाढवा, घोरणं थांबेल तिथं सोडा.

लावायच्या आधी काकूंनी पूजा केली. हळदी-कुंकू, नारळ. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा होता, तो चिमूटभर चालू मशीनच्या पाठीमागं जाळीशी धरला. अन् भंडारा सुर्रकन आत!

काकू मला म्हणाल्या, "बघ रे बिरदेवा, घेतंय! देवानं मानलं!"

आमी सगळ्यांनी हात जोडले. मी बी. रोज चिमूटभर घालीन म्हणाल्या काकू.

११ मार्च

जमत न्हाय. वारं नाकात कमी, डोळ्यात जास्त. टोपण नीट बसतच न्हाय, मिशी आडवी येते. मिशी म्हणजे कोयत्यासारखी, दोन्हीकडं वळलेली. पट्टे आवळले तर गालावर वळ.

काकू म्हणाल्या, "काढा की मग मिशी."

"वडील वारले तेव्हा काढली होती. आता कोण वारलं म्हणून काढू?"

मशीन बंद. मी पुन्हा हलवायला.

१३ मार्च

सोसायटीची मीटिंग. चारा छावणीचा ठराव होता. जनावरं मरायला लागलीत, दूध आटलंय, सगळे तापलेले. अन् नानासाहेब खुर्चीत घोरायला लागले. मी दारात उभा, आत जाऊन हलवावं तरी कसं?

सभासद धोंडप्पा म्हणाला, "हळू बोला रे, चेअरमनसाहेबांची झोपमोड होईल!" सगळी मीटिंग हसली. नानासाहेब जागे झाले ते हसण्यानंच.

घरी आले. ओट्यावर बसले अन् म्हणाले, "बिरू, न्हाव्याला बोलव."

१६ मार्च

बटण आठवर. अन् घोरणं बंद! श्वास बी चालू — छाती वर-खाली, वर-खाली, मोटेच्या बैलागत एका चालीत. मी हात पुढं करून बसलेला. हलवायचं कामच पडलं न्हाय.

मजा उजाडल्यावर झाली. दूध घालायला येणारी भिमाबाई किटली खाली टाकून दारातच रडायला लागली. "रातभर आवाज न्हाय गं मथुराबाई! गेले गं साहेब!" तिच्या मागं आणखी पाच-सहा जण, टोप्या काढून हातात. वस्तीतल्या कुणालाच म्हणं झोप लागली न्हाय, एवढी शांतता.

तेवढ्यात नानासाहेब टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. भिमाबाईनं डोळे पुसले, त्यांच्या सपाट ओठाकडं बघितलं.

"अगं बया, साहेब तर उभेत! मग गेलं कोण?"

"मिशी गेली," नानासाहेब म्हणाले. "तिला रड."

सगळे पळाले. मग नानासाहेब चहा घेत बसले. रोज सकाळी डोक्याला फडकं आवळून बसायचे. आज फडकं खुंटीलाच. हळूच म्हणाले, "बिरू, आज डोकं दुखत न्हाय रे."

काकू आत गेल्या. पदर डोळ्याला लावताना मला दिसल्या.

१७ मार्च

दिवसा झोपलो. रात्री बी झोपलो. लई भारी वाटलं.

१९ मार्च

गावाकडचा व्यंकट बाजाराला आला होता. म्हणाला, "तुझ्या आईचा हात भाजलाय. चुलीपुढं बसल्या बसल्या पेंगली, हात तव्यावर. डोक्याला फडकं बांधून दिवसभर डुलक्या घेती. बाया म्हणतात, विठाबाईला कामाचा कंटाळा आलाय."

मला राग आला. बायांचा बी अन् आईचा बी. चुलीपुढं कुणी झोपतं का? टँकरच्या रांगेत बी हंड्याला टेकून झोपते म्हणं, मागचे पुढं जातात.

शनिवारपर्यंत मशीन असंच चाललं तर जाईन.

२३ मार्च

घोरणं परत! शनिवारी थोडं, काल जास्त. बटण नऊ केलं, दहा केलं. फरक न्हाय. टोपणातून वारं येतं ते म्हाताऱ्यानं फुंकर मारावी तसं.

मला वाटलं, मळ्यातल्या मोटारी लाईट ओढतात म्हणून कमी येते. पण विहिरीत पाणीच न्हाय तर मोटारी चालवतंय कोण? घरातले दिवे चांगले भगभगीत.

माझं जाणं लांबलं.

२५ मार्च

बटण पंधरावर. तोच शेवटचा आकडा. आज इतका वेळ थांबले की ओठ जांभळे झाले. म्या हलवलं, हलवलं, शेवटी उठवून बसवलं तेव्हा श्वास आला. काकू पायाशी बसून होत्या. म्हणाल्या, "बिरदेवा, तू जाऊ नको रे बाबा."

न्हाय म्हणवलं न्हाय. पण आत नुसता जळत होतो. आईचा हात कसा असेल?

२६ मार्च

सापडलं!!

सकाळी काकू नेहमीसारख्या भंडारा घेऊन आल्या. मशीन चालू होतं. चिमूट जाळीशी धरली. भंडारा आत गेलाच न्हाय, खाली सांडला. काकूंचं तोंड एवढंसं झालं.

"घेत न्हाय रे आज. देव कोपला."

म्या मागं वाकून बघितलं. काळी जाळी पिवळीधमक! बोटानं खरवडलं तर हळदीचा थर, भाकरीएवढा जाड. इतके दिवस आमी त्याचं नाक बुजवत होतो अन् बटण फिरवत होतो. मशीनचा श्वास अडलेला, नानासाहेबांचा कसा चालेल?

"काकू, हे त्याचं तोंड न्हाय. नाक हाय!"

"अगं बया, माझाच भंडारा!" कपाळावर हात मारला त्यांनी. मग हसायला लागल्या, नानासाहेब बी हसले, पोट हलेपर्यंत. जाळी धुतली, वाळवली, बसवली. बटण परत आठवर. दुपारी लावून झोपवलं. वाऱ्याला जोर! एक घोरणं न्हाय. आता भंडारा मशीनसमोरच्या भिंतीवर लावायचा ठरलाय. देव बी खूश, जाळी बी.

२८ मार्च

माकणी! दोन एसट्या बदलून पोचलो. निघताना नानासाहेबांनी हातावर गॅरेजचा पत्ता ठेवला. म्हणाले, "माझा श्वास राखलास, आता स्वतःचं बघ." मिशी परत उगवायला लागलीय. काकू म्हणतात कापीन.

आईच्या हाताला चिंधी. मला बघून लई हसली. वाढता वाढता डुलकी आली, डाळ ताटाबाहेर. मी बोललो, "रात्री काय करतीस गं, झोपत न्हाईस का?" म्हणाली, "झोपते की रं. तरी झोप होत न्हाय."

पाडव्याला गुढी उभारून दुपारच्या गाडीनं पुणं. आज मी बी झोपणार. कुणाला हलवायचं न्हाय!

३० मार्च, पाडवा

आई घोरते. अन् मधीच थांबते.

पहिल्या रात्री वाटलं, सवयीनं भास होतोय. काल रातभर शेजारी बसलो. इथं मशीन न्हाय. गोधडीची वळकटी करून तिच्या पाठीशी लावली, उताणी होऊ दिली न्हाय. तरी थांबली की हलवलं.

पुण्याची गाडी गेली. जाऊ दे.

सकाळी आई चुलीपुढं बसली. एक बी भाकरी करपली न्हाय. फडकं खुंटीलाच. माझ्याकडं बघून म्हणाली, "बिरू, आज डोकं दुखत न्हाय रं. कसं काय?"