मिरजेचं ऑपरेशन

सांगली
७ जानेवारी २०२४

ती. आत्तीस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी बरी आहे. हे फोनवर बोलता आलं नसतं. तू स्पीकर लावून बोलतेस, विश्वजितदादा शेजारी जेवत असतो आणि स्वप्नालीवहिनी मधेच मला पाककृती विचारते! म्हणून कागद घेतला. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

माझी मान आणि खांदे दुखतात हे तुला ठाऊक आहे. आता फळ्यावर चित्र काढायला हात वर धरला, की दहा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. बॉडीच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्यात. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलवटते. सात किलो वजन उतरवलं, छाती काही उतरली नाही. शेवटी मिरजेला एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, की छाती कमी करायचं ऑपरेशन असतं आणि मला त्याचा उपयोग होईल.

त्यांनी काही लपवलं नाही. तीन-चार तासांची भूल, दोन रात्री दवाखान्यात, दीड महिना जड उचलायचं नाही. टाक्यांचे व्रण फिकट होतील, पण जाणार नाहीत. काही जागी स्पर्श कळेनासा होऊ शकतो. आणि पुढे बाळाला अंगावर पाजता येईलच, याची खात्री देता येत नाही. हे शेवटचं ऐकून मी बाहेरच्या खुर्चीवर कितीतरी वेळ बसून राहिले.

माधवनगरचं स्थळ नानासोकाकांनी आणलंय, ते तुला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. वीरधवल मला आवडलाय. तीनदा भेटलो. त्याला हे मी स्वतः सांगणार आहे, २१ तारखेच्या रविवारी. तोवर कुणाला बोलू नकोस. आई गेली तेव्हा अण्णा पलटणीत होते, मला तूच वाढवलंस. म्हणून आधी तुला विचारते. काय करू?

मामांना नमस्कार. उत्तर लवकर धाड. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
शिवांजली

●

कोयनानगर
१५ जानेवारी २०२४

चि. शिवांजलीस,
आत्तीचे अ. उ. आ.

तुजं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. अगं, धडधाकट अंगाला सुरी लावून घ्यायची? मान दुखती तर तेल लावून शेकत जा. आमी न्हाई का दिवस काढलं? बाईच्या जातीला दुखणं असतंयच.

आनि लगीन तोंडावर आलेलं. पोराकडची मानसं चांगली हायत, घर शिकलेलं हाय. पदरात पोर आलं आनि त्याला पाजाया आलं न्हाई, तर सासू काय म्हनंल? पुढं नवऱ्याला ते वण दिसणार, त्याला काय वाटंल? आधी लगीन, मग एक मूल, मग काय ती हौस कर. तवर दम धर.

रागानं लिवत न्हाई. काळजीनं लिवते. हिकडं थंडी लय हाय. यांचा गुडघा धरलाय, तरी रोज बाजारात जाऊन कुणाच्या घरी काय शिजलं ते सगळं घिऊन येत्यात. तू जेवण टाळू नकोस. आत्तीवर राग धरू नको.

तुजी,
आत्ती

●

सांगली
४ फेब्रुवारी २०२४

आत्तीस,

२१ तारखेला मी कृष्णेच्या घाटावर दोन तास थांबले. वीरधवल आला नाही. दुसऱ्या दिवशी नानासोकाकांचा फोन आला, की माधवनगरच्या लोकांनी नको म्हणून कळवलंय.

कारण मी काकांकडूनच काढून घेतलं. तू त्यांना सांगितलंस, की पोरीच्या छातीचं ऑपरेशन ठरतंय, तुम्ही तिची समजूत घाला. काकांनी पोराकडच्यांपासून लपवायला नको म्हणून तेवढंच तिकडे सांगितलं. छातीचं ऑपरेशन म्हटल्यावर त्यांना कॅन्सर वाटला.

चार दिवसांनी वीरधवलचा फोन आला. दबक्या आवाजात विचारत होता, की कधीपासून आहे हे. मी म्हटलं, कॅन्सर नाही, आणि सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी रविवारचीच वाट बघत होते, हे त्याला कसं पटवणार? घरचे आता मागे फिरणार नाहीत म्हणाला आणि फोन ठेवला.

मी तुला एकच गोष्ट मागितली होती आत्ती, कुणाला बोलू नकोस.

मी तेरा वर्षांची असताना तू मला घट्ट बॉड्या शिवून दिल्यास. खांदे पुढे घेऊन चाल म्हणालीस. मी चालले. आज एकतीस वर्षांची आहे, अजून तशीच चालते. डॉक्टरबाईंनी सरळ उभं राहायला सांगितलं, तर मला जमेना.

ऑपरेशन करते आहे. १८ एप्रिल ठरली आहे. तू येऊ नकोस.

शिवांजली

●

कोयनानगर
२२ मार्च २०२४

चि. शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे का न्हाईत, ते तू ठरव.

तुज्या पत्रावर रोज लिवाया बसते आनि कागद फाडते. आज फाडणार न्हाई.

चूक माजी हाय. नानासोदादा शहाणे म्हणून त्यांच्याजवळ बोलले. वाटलं, ते तुला थांबवतील आनि लगीन सुखानं पार पडंल. तुजं भलं करायला गेले आनि तुजं घर मोडलं. मी माधवनगरला निरोप धाडला, की आजार न्हाई, मानेच्या दुखण्यासाठी हाय. त्यांनी ऐकून घेतलं. पन नकार तसाच ठिवला.

आता जे कुणाला सांगितलं न्हाई ते सांगते. तू पोरगी हायस माजी, तुज्यासारखंच माजं अंग. पंधरा वर्सांची असताना उसाच्या फडात खाली वाकले, की बापये काम थांबवून बघायचे. मी वाकणं सोडलं. मग विहिरीवर जाणं सोडलं. लगीन होऊन हिकडं कॉलनीत आले. विश्वजित झाल्यावर पाठ अशी धरली, की पोराला उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. आमच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होत्या. त्यांनी तपासून सांगितलं, की मिरजेला ह्याचं ऑपरेशन हुतंय, चिठ्ठी देते. हे चला म्हणाले. खरं सांगते, यांनी एकदाबी नको म्हटलं न्हाई. मिरजेला जाऊन तारीख घेतली. आनि त्या दिवशी मीच घरातनं निघाले न्हाई. अंगात ताप हाय म्हणून पडून राहिले. ताप नव्हता. बाया काय म्हणतील, ह्याचीच भीती. तेहतीस वर्सं झाली.

म्हणून तुजी छाती भरायला लागल्यावर मला धडकी भरली. तुजं मन मी इचारलंच न्हाई. सुई-दोरा घिऊन बसले. त्या बॉड्या शिवताना मला वाटायचं मी लय शहाणपण करतीया.

तू करतीयास ते कर. नको म्हटलंस, तर मी यायची न्हाई. जमलं तर चार वळी लिव.

तुजी,
आत्ती

●

सांगली
१२ मे २०२४

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन होऊन साडेतीन आठवडे झाले. आता लिहिता येतं, म्हणून लिहिते.

पहिले दोन दिवस दोन्ही बाजूंना नळ्या होत्या. उलट्या झाल्या. कूस बदलता येत नव्हती. शाळेतली पूजा सोबत राहिली, माझी वेणीसुद्धा तिनंच घातली. दोन्ही बाजू मिळून सव्वा किलोच्या वर काढलं. ते तपासायला पाठवलं होतं, काही निघालं नाही. एका टाक्याच्या जागी पाणी सुटलं, म्हणून आठ दिवस ड्रेसिंगला जात होते. उजव्या बाजूला हात लावला तर कळत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, की परत येईल किंवा येणार नाही. पट्टी सोडून पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा मी रडले. सूज, लाल रेघा, ओळखीचं काही नव्हतंच. पूजा घाबरली.

पण मान दुखत नाही आत्ती. पहिल्याच आठवड्यात कळलं. अंगावरचे टाके ठणकत होते आणि मान मोकळी होती. इतकी वर्षं मी काय घेऊन फिरत होते, याचा मलाच राग आला.

वीरधवलचं लग्न ठरलं. इस्लामपूरची मुलगी आहे. नानासोकाकांनीच सांगितलं, बिचारे फार खजील झालेत. मला त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. त्या रविवारी मी सांगितलं असतं, तर तो हो म्हणाला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. तुला माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. अजून नाही. खरं होईल तेव्हा लिहीन.

तुझं ते तेहतीस वर्षांपूर्वीचं वाचून मात्र माझ्याच्यानं जेववलं नाही. आणि आणखी एक. आत नेताना, स्ट्रेचरवरून मी दाराकडे बघत होते. मीच नको लिहिलं होतं, तरीही. तू खरंच आली नाहीस याचं मला लागलं. हे माझं वागणं उलटं आहे, कळतं मला.

मामांचा गुडघा कसा आहे? लोभ पूर्वीसारखा व्हायला वेळ लागेल, पण तुटलेला नाही.

शिवांजली

●

कोयनानगर
२१ मे २०२४

चि. शिवांजलीस,
आत्तीचे पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र वाचून स्वप्नालीला सगळं सांगितलं. तीच मला कऱ्हाडला डॉक्टरकडं घिऊन गेली. ते म्हणाले, साखर वाढलेली, हृदयाची तक्रार, साठी उलटली, आता ऑपरेशन नको. व्यायाम लिवून दिलाय, मापाची बॉडी घ्यायला सांगितली. त्यांनी इचारलं, आज्जी, आधी का आला न्हाईत. मी म्हणाले, यायचं ठरलं होतं. एवढंच. माज्याबद्दल वाईट वाटून घिऊ नको.

माफीची घाई करू नको. खोटी माफी मला पचायची न्हाई.

एक सांगायचं राहिलंय. सांगू नये असं ठरवलं होतं. १८ तारखेला मी पहिल्या एस.टी.नं निघाले. वाटंत उलटी झाली, कऱ्हाडला गाडी बदलली, अकरा वाजता मिरजेत उतरले. दवाखाना हुडकेपर्यंत तुला आत नेलं होतं. मी खालच्या बाकड्यावर बसले. तुजी ती पूजा दोनदा औषधाला खाली आली, तवा मी तोंडावर पदर घेतला. तीन वाजता एका सिस्टरला इचारलं. ती म्हणाली, बाहेर आणलंय, शुद्धीवर हाय, पाणी मागतीया. वर जाऊन बघा म्हणाली.

जिन्याच्या चार पायऱ्या चढले. मग वाटलं, पोरीनं एकदा नको म्हटलंय, ह्या खेपेला तरी तिचं ऐकावं. तशीच खाली आले आनि चारची गाडी धरली.

तुजी,
आत्ती