आडात नाही, पेल्यात आहे

नगर,
गुरुवार, डबा खाऊन झाल्यावर

तीर्थस्वरूप दगडाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (गुडघ्यांना धक्का न लावता).

गुडघे कसे आहेत? डाव्याला एरंडाचं पान बांधतेस की कल्याणदादानं आणलेलं मलमच चोळतेस? तांबडी शेळी व्याली का? 'इकडे सर्व खुशाल' असं इथे लिहायचं असतं. पण पत्रात खोटं लिहिलं की अक्षर वाकडं येतं, हे तूच मला पाटीवर शिकवलंस. म्हणून लिहिते की मी बरी आहे, वजन दीड किलोनं वाढलंय आणि रविवारपासून मला नीट जेवण जात नाही. (वजन त्याआधी वाढलेलं आहे.)

मुद्दा आधीच लिहून टाकते, नाहीतर मी शेवटपर्यंत त्याच्या भोवती फिरत बसेन. दादाचा फोन आला होता की येत्या सोमवारी जेसीबी येणार, आपला आड मुरूम टाकून बुजवणार आणि वर कांद्याची चाळ उभी राहणार. तू हो म्हणालीस असंही तो म्हणाला. "नऊ वर्षं कोरडा हाय. झाकण कुजलंय. उद्या शेळी पडंल, परवा मानूस पडंल," हे त्याचं म्हणणं मला पटतं. तरी आत्या, आड बुजवू नका. त्याचं पाणी मेलेलं नाही. हे मला कसं कळलं ते सांगायचं, तर आधी एक कबुली द्यावी लागेल. मी रविवारी बिअर प्यायले. पाच प्रकारची.

(चष्मा काढून ठेवला असशील तर परत लाव. पुढे अजून बरंच आहे.)

फोनवर हे सांगता आलं नसतं. दादा फोन स्पीकरवर टाकतो आणि ओट्यावर बसलेली चार माणसं मधेच सल्ला देतात. मागे मी तुला पोटदुखीचं सांगत होते, तर पलीकडून ज्ञानेश्वर टेलर म्हणाला, "ववा खा म्हनावं." बिअरवर त्याला काय सुचलं असतं, याचा विचारही मला करवत नाही.

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यायला भंडारदऱ्याच्या बाजूचे भागवत म्हणून एक गृहस्थ येतात. त्यांच्या चार खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतात, आणि मागच्या शेडमध्ये स्वतः बिअर करतात. (बिअर म्हणजे सातूला मोड आणायचे, ते भाजून भरडायचे, उकळायचे, त्यात एका वेलाची कडू फुलं टाकायची आणि मग आंबवायचं. आंबवण्यापर्यंतचं सगळं तू स्वतः जन्मभर केलेलं आहेस, फक्त सातूऐवजी दुसऱ्या धान्यांचं. हे मी माझी बाजू सांभाळायला लिहीत नाहीये. थोडं त्यासाठीच लिहितेय.) कारखान्याच्या बिअरची चव सगळीकडे सारखी असते. ही छोटी माणसं मात्र प्रत्येक जण वेगळी करतात, आणि वर्षातून एकदा जमून एकमेकांची चाखतात. पेल्यांवर नुसते आकडे असतात, नावं नसतात. यंदा नंबर काढायला त्यांना त्रयस्थ माणूस हवा होता. बाटलीवरची तारीख चुकली म्हणून मी भागवतांचा नमुना तीनदा परत पाठवला होता, त्यावरून त्यांनी मलाच बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं किरकिरं मानूस मला जिल्ह्यात दुसरं गावायचं न्हाई." मी पीत नाही म्हटलं, तर म्हणाले, "मग तर लईच बरं. पिनारी मान्सं लगीच खूश व्हत्यात."

मी अटी घातल्या. सकाळी अकराची वेळ. घरचा चमचा. प्रत्येकी दोन चमचे, त्यावर थेंब नाही. चूळ भरून टाकायला एक भांडं ठेवलं होतं, पण तोंडात घेतलेलं पाणी थुंकायचं नाही हे तुझ्याकडचं वळण, त्यामुळे ते भांडं शेवटपर्यंत कोरडंच राहिलं. (यात दोष तुझा असं मी म्हणत नाही.)

आता तुला आठवत असेल. आई-बाबा दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि मी तुझ्याकडे असायचे. आठवं लागेपर्यंत मी शाळेचं दार पाहिलं नव्हतं. तू भिंतीवर चुन्यानं मुळाक्षरं काढून दिलीस, आणि अक्षरांचा कंटाळा आला की माझे डोळे पदरानं बांधून पाच तांबे पुढे ठेवायचीस: आपला आड, मारुतीपुढचा हापसा, ओढ्यातला झरा, पाटलांची विहीर आणि टँकर. आधी घोट टाळूला लावायचा, मग मनात विचारायचं, "कुठलं रे तू?" बरोबर सांगितलं की गुळाचा खडा. चुकलं की तोच तांबा पुन्हा. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं शिकवतात. कॉलेजात गेल्यावर समजलं की बाकीच्या पोरी पाणी नुसतंच पितात.

मग मी बिअरची चव घ्यायला बसले आणि तुझ्या वळणानं पाण्याचीच चव घेतली. टेबलाभोवतीची माणसं बोलत होती, केळ्याचा वास आहे, लवंग आहे, मागून संत्र्याची साल येते. पुण्याहून आलेल्या संस्कृती नावाच्या बाईंकडे वासांच्या नावांचं एक गोल रंगीत चक्र होतं, त्यावर त्या बोट फिरवायच्या. माझी पाळी आल्यावर मी पहिल्या पेल्याबद्दल म्हटलं, "गव्हाची आहे, गढूळ आहे, छान आहे. पाणी नळाचं आहे आणि ते दोन दिवस उघडं ठेवलेलं आहे." ज्यांची ती होती त्यांनी हळूच हात वर केला. दुसरी इतकी कडू की काढा बरा. तिचं पाणी टँकरचं, आणि त्या टँकरमधून आधी दूध जात असे, हेही मी बोलून गेले. मालक उठून बाहेर गेले, फोन करून आले आणि म्हणाले, "व्हय म्हनतोय. चार साल दूधच वाहत हुता." संस्कृतीबाईंनी ते चक्र मिटून पर्समध्ये ठेवलं.

तिसरी काळी होती. आत्या, तव्यावर भाकरीचा पापुद्रा करपतो ना, जो तू कायम मला द्यायचीस, त्याची चव. वर कॉफी. पाणी साध्या बोअरचं, दगड काळा, खोली तीनशे फुटांच्या आसपास. मला ती आवडली. दोन चमचे ठरले होते, सात झाले. मी मोजले म्हणून सांगते. कोणी विचारलं असतं तर मी पाच म्हणाले असते, आणि ते खोटं झालं असतं.

चौथा पेला फिक्या रंगाचा, बाजरी घालून केलेला. मी पहिला चमचा टाळूला लावला आणि सवयीनं विचारलं, कुठलं रे तू.

आधी गार लोखंड. मग जांभळाच्या लाकडाचा तुरटपणा, तू आडाच्या तळाला जे ओंडके टाकले होतेस त्यांचा. आणि शेवटी जिभेखाली ते बारीकसं गोड, जे आपल्या आडाशिवाय मला कुठेच लागलेलं नाही. आत्या, मला आपल्या परसातल्या चुलीचा धूर आला. माझ्या पायांना तिथली फरशी गार लागली, बूट घातलेले असताना. मी डोळे उघडले तर खिडकीबाहेर भंडारदऱ्याचे डोंगर होते, आणि ते मला परक्याच्या घरात ठेवल्यासारखे दिसले. मी दुसरा चमचा घेतला नाही. माझी हिंमत झाली नाही.

"पानी कुठलं, सांगा की," भागवत म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आमच्या घरचं."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. चौथ्या पेल्याचे मालक वैजनाथ, वरच्या अंगाच्या एका वाडीतले, अगदी अबोल गृहस्थ. (कोणाची कुठली ते पाचवा पेला होईपर्यंत सांगायचं नव्हतं. पहिल्या दोघांना राहवलं नाही, वैजनाथांनी मात्र ते पाळलं. पाचवीत करवंद होतं, बरी होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. तिच्यावर अन्याय झाला असं मला अजून वाटतं.) वैजनाथ मला पडवीत घेऊन गेले आणि म्हणाले, "बाई, ह्यो झरा नऊ सालापूर्वी फुटला. कातळातनं. माझ्या बापाच्या अन् आज्याच्या टायमाला तिथं कधी वल सुदिक नव्हती." मी महिना विचारला. चैत्र म्हणाले. आपला आड आटला तोही चैत्रच, तुला सांगायला नको. तू रडली नाहीस. फक्त म्हणाली होतीस, "मेलं न्हाई ते. रुसून गेलंय." आम्ही सगळे तेव्हा गालातल्या गालात हसलो होतो. त्याबद्दल आज क्षमा मागते.

मी स्वतःला समजावलं की चैत्रात निम्म्या जिल्ह्याचं पाणी आटतं आणि झरे कुठेही फुटतात. मग वैजनाथ सहज म्हणाले, "लई खोडीचं पानी हाय. आवसंला टिपूस देत न्हाई. आमी आवसंला कामच ठिवत न्हाई, नुसती भांडी घासतो, तीबी साठवल्याल्या पान्यानं." आत्या, अमावस्येला आडाचा दोर काढून ठेवायचा, त्या दिवशी आडाला विसावा, ही रीत तुझी आहे. आख्ख्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाची नाही. लोक बैलांना विसावा देतात, तू आडाला दिलास. दोनशे किलोमीटरवर बिअर गाळणाऱ्या माणसानं ती पाळायचं कारण काय? आणि तो पाळत नाहीच. पाणीच पाळतंय.

मी घाबरट आहे पण आळशी नाही. तिथूनच वैजनाथांच्या वाडीवर जाऊन झऱ्याच्या पाण्याची बाटली भरून घेतली, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ घातली, आणि सोमवारी प्रयोगशाळेत तपासली. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वहीत आपल्या आडाचे आकडे आहेत, आटायच्या दोन महिने आधीचे. जडपणा, क्षार, लोह, एकूण अकरा आकडे. अकराही जुळले, शेवटच्या अंकापर्यंत. आमच्या यंत्रावर एकच पाणी लागोपाठ दोनदा तपासलं तरी इतकं जुळत नाही. मी यंत्र पुसलं, पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तपासायला पाणी उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरं वाटलं.

याचा अर्थ आपलं पाणी जामखेडकडून अख्खा जिल्हा ओलांडून, प्रवरेच्या उलट दिशेनं, चढ चढत डोंगरात गेलं. पाणी चढ चढत नाही हे मला माहीत आहे. पगारच त्याचा मिळतो. 'आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार,' असं लोक म्हणतात. आपल्या आडात नाही, पोहरा तर माळ्यावर पडलाय, आणि ते आलं कुठे, तर माझ्या चमच्यात. कोणत्या शहाण्या माणसाला मी हे सांगू? म्हणून तुला सांगते. (यात तुझा अपमान नाही.)

रुसून गेलेलं माणूस परत यायचं म्हटलं तर आधी घराचं दार उघडं आहे का ते बघतं. सोमवारी आपण त्या दारात मुरूम ओतणार आहोत. माझ्या म्हणण्याला पुरावा एका चमच्याचा आहे आणि तोही बिअरचा, तरी तुझ्या हातची एक विद्यार्थिनी म्हणून माझ्या जिभेवर तू विश्वास ठेवावास. चाळ पलीकडे गोठ्यामागे होईल. दादा चिडेल. त्याला माझं नाव सांग.

उत्तराची वाट पाहत, पण पत्र वाचताना तुझा चेहरा कसा होईल याची वाट न पाहत,

तुझी
धनश्री

ता. क. खरी विनंती वर लिहायचं धाडस झालं नाही. माझी जीभ चुकली असेल तर ते ओळखणारी जिल्ह्यात तू एकटीच आहेस. झऱ्याचं पाणी तपासण्यात संपलं. उरली ती चौथ्या पेल्यातल्या बिअरची, वैजनाथांनी दिलेली छोटी बाटली. जामखेड गाडीच्या कंडक्टरकडे पत्राबरोबर देते आहे. तुझ्या गळ्यात माळ आहे हे माहीत असून लिहिते, दोनच चमचे घे. टाळूला लाव. विचार त्याला.

ता. क. दोन. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. आणि पहिला नंबर मी तिसऱ्या पेल्याला दिला. चौथा घरचा होता. घरच्याला नंबर देणं मला बरं वाटलं नाही.

ता. क. तीन. पाकीट चिकटवायला घेतलं आणि तुझा फोन आला. मी काही सांगायच्या आत तू म्हणालीस, "धने, मुरूम किती लागंल ते बघाया कल्यानानं आज झाकन काढलं. कोरडा ठाक हाय, तळ दिसतोय. पर आयतवार दुपारपास्नं वास मारत हुता, तो आता लईच सुटलाय. बाजरीचं काई आंबल्यावानी. जेसीबीवाला माप घ्याया आल्ता, तो काठावर बसून ऱ्हायला, उठंचना. त्याला माघारी लावला, म्हनलं सोमवारी येऊ नगं. आन खालून बुडबुड ऐकू येतंय. तू कुठं काय पिऊन आलीस?" मागून ज्ञानेश्वर टेलर म्हणाला, "आवाज वाढतोय म्हनावं."

आत्या, मी शनिवारच्या पहिल्या गाडीनं येते. बाटली पाठवत नाही, आता गरज दिसत नाही. पत्र मात्र पाठवते आहे, नाहीतर लपवल्यासारखं होईल. एकच सांगते, आणि हे दादाला आत्ताच्या आत्ता सांग: झाकण परत घट्ट बसवू नका. चार बोटं फट ठेवा. आंबत असलेल्या वस्तूला श्वास घ्यायला जागा लागते.