सवतीचं इंजिन

४ मार्च, मंगळवार

जुन्या शेव्हेल गाडीचं इंजिन बाहेर काढलं. एकदाचं! साखळी, कप्पी आणि बायको लोरेन — तिघांच्या जोरावर. ती साखळी ओढत होती, मी खाली वाकून इंजिन सांभाळत होतो. "थांब" म्हणाली असेल, मला काय कळणार. शेवटी हातमोजा फेकून मारला, तेव्हा थांबलो.

उजवा कान फोर्जमधल्या घणानं कधीच खाल्ला होता. डावा जानेवारीत गेला. रात्री होता, सकाळी नव्हता. यंत्रं लावून पाहिली, उपयोग शून्य. आता घरभर पाट्या झाल्यात. लोरेन लिहिते, मी बोलतो. माझा आवाज कुठेही कसाही लागतो म्हणे. रविवारी चर्चमध्ये मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होतो, तर ही कोपरानं ढोसायला लागली.

ही वही तेव्हापासूनची. दुपारी जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. लोरेन शेजारच्या खोलीत शिवत असते. लिहिताना ओठ हलतात अजून. शाळेत सिस्टर त्यासाठी पट्टी मारायच्या.

उद्यापासून उपवास, म्हणून आज अख्खं बे सिटी पोंचकी खातंय. मी चार खाल्ल्या. जॅम भरलेल्या, तळलेल्या, वरून साखर. पण खरं सांगू, मला आईच्या हातचं बदकाचं सूप हवंय. लोरेनला सांगणार नाही. त्यात घालायचं रक्त बघितलं की तिला मळमळतं.

८ मार्च, शनिवार

इंजिन उघडलं. माझ्याकडे आल्यापासून पंचेचाळीस वर्षांत जे व्हायचं ते झालंय. सिलिंडर झिजलेत, ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग वाकलाय, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमचे उंचवटे बसलेत. पण क्रँक ठणठणीत! जमेल. रस्त्यावर जोरात पळेल आणि सिग्नलला उभी राहून तापणार नाही, असं इंजिन बांधायचं. शर्यतीचं नाही.

आणि मग विकायचं. प्रुइट म्हणून ओहायोचा माणूस आहे, जुन्या शेव्हेल गोळा करतो. जानेवारीत येऊन गेला. बॅटरी मारून पहिल्यांदा काय पाहिलं, तर ब्लॉकवरचा नंबर. हेडच्या पुढ्यात बोटभर सपाट जागा आहे, तिथं कारखान्यात ठोकलेला. गाडीच्या नंबराशी जुळतो. इंजिन जन्मापासून याच गाडीत आहे, याचा तो पुरावा. लोरेननं त्याचं म्हणणं पाटीवर लिहून दिलं — "नंबर आहे तर मी आहे. नंबर नाही तर गाडी तुमची तुम्हाला लखलाभ."

'हो' म्हणून बसलो. ऐकू न येणाऱ्या माणसानं असली गाडी कशाला ठेवायची? आणि लोरेनला तिचा पहिल्यापासून राग. लग्नाआधीपासून तिला 'सवत' म्हणते. उद्या मी नसलो तर ही धोंड तिच्या गळ्यात कशाला?

विकायची नाही मला. लिहून टाकलं. कोणाला सांगायचं नाही, पण विकायची नाही.

९ मार्च, रविवार

टेबलावर बदकाचं सूप! रक्त घातलेलं, सुक्या मनुका घातलेलं, आई करायची तसंच. लोरेन नाकाला रुमाल लावून वाढत होती. हिला कसं कळलं? इतक्या वर्षांचा संसार, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

ब्लॉक व्हर्जिलच्या मशिन शॉपमध्ये न्यायला लोरेनलाच धाडलं. व्हर्जिलच्या मिशा अशा, की ओठ दिसतच नाहीत. त्याचं बोलणं मला कान होते तेव्हाही कळत नसे. ट्रकमध्ये ब्लॉक चढवून दिला आणि बजावलं — सिलिंडर मोठे कर म्हणावं, वरचा पृष्ठभाग तासून सपाट कर, पण तासताना नंबराच्या अलीकडे थांब. ती बोटभर जागा गेली तर सौदा गेला.

तिनं मान डोलावली. दोनदा विचारलं, "तासला तर परत ठोकता येत नाही ना?" येतो, पण ती लबाडी. प्रुइटसारखा माणूस एका नजरेत ओळखेल. आणि मी तसलं करणार नाही.

२७ मार्च, गुरुवार

ब्लॉक आला. सिलिंडर आरशासारखे. नंबरावर व्हर्जिलनं पांढरी चिकटपट्टी मारून दिलीय. लोरेननं लिहिलं — "रंग सुकेपर्यंत काढू नको म्हणाला. गंज धरेल." शहाणा माणूस! पट्टी मात्र फ्रीझरच्या डब्यांना लावतात तसली. कंजूष मेला.

५ एप्रिल

कॅम निवडायचा होता. गाडीचा सगळा स्वभाव कॅमवर असतो. माझा जुना कॅम शर्यतीचा. उभ्या जागी इंजिन असं धडधडायचं की लोरेनच्या आईच्या कपाटातल्या बशा वाजायच्या. मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच म्हातारी पोरीला सांगायची, "ऊठ, बशा वाजल्या. आला तुझा." मी गाडीतून उतरेपर्यंत लोरेन दारात हजर. तसाच परत घालायचं मनात होतं.

लोरेनला हल्ली भारी चौकशा. "त्या कॅमनं ब्रेक लागतात का नीट?" म्हटलं नाही, ब्रेकला लागणारा इंजिनाचा व्हॅक्यूम पुरत नाही, ब्रेक दगडासारखा होतो, लाथ घालावी लागते. "मग मवाळ घाल." म्हटलं तुला काय करायचंय? तर म्हणे, "घेणाऱ्याला थांबता यायला नको?" मग क्लच किती जड असतो, सीट किती पुढे सरकते. प्रुइट सहा फुटांचा आहे, त्याला सीट पुढे कशाला हवी!

मवाळच मागवला. काळजावर दगड ठेवून.

१२ एप्रिल, शनिवार

आज पाना हातात घेऊन रडलो. इथं लिहायला लाज कसली.

टॉर्क पाना ठरलेल्या जोराला 'टक्' करतो, तिथं थांबायचं. जन्मभर ती 'टक्' ऐकून थांबलोय. हाताला कळते थोडी, पण माझे हात आता तसे राहिलेत कुठे. दोन बोल्ट जास्त आवळले गेले. काढले, फेकले, स्टुलावर बसून राहिलो.

लोरेन आली. दुसरं स्टूल ओढून मागे बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाना फिरवला. 'टक्' झाली तशी तिनं खांद्यावर टिचकी मारली. मी थांबलो. पुढचा बोल्ट, पुन्हा टिचकी. क्रँकचे सगळे बोल्ट असेच आवळले. एकदाही चुकली नाही. अशी दुपार कितीतरी वर्षांत गेली नव्हती.

१३ एप्रिल

गुडघे ठणकतायत. काल दिवसभर पाय थंड फरशीवर.

१४ एप्रिल

उशाशी मलमाची नवी नळी. मी कण्हत असेन झोपेत.

१९ एप्रिल, पवित्र शनिवार

अंडी, सॉसेज, पाव, लोण्याचं कोकरू — ईस्टरची टोपली चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेऊन आलो. फादर पुढे गेल्यावर लोरेननं पर्समधून एक स्पार्क प्लग काढून अंड्यांच्या शेजारी ठेवला. फादरनं परत येऊन त्याच्यावरही पाणी शिंपडलं, तोंड वाकडं न करता. मला हसू आवरेना. किती मोठ्यानं हसलो देव जाणे, पाच-सहा बायका वळून बघत होत्या.

१० मे, शनिवार

आज सुरू केलं!

नवा कॅम पहिल्यांदा फिरला की लगेच वेगात ठेवावा लागतो, वीसेक मिनिटं. मंद सोडलात तर उंचवटे घासून गेलेच समजा. जस्त मिसळलेलं तेल घातलं, सगळं तीनदा तपासलं. पण ऐकणार कोण? पूर्वी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचो. आता मूठ जबड्याला लावतो. थरथर कळते, पण ती चांगली की वाईट ते कळत नाही.

म्हणून लोरेनला इंजिनापुढे उभी केली. मी गाडीत, पाय पेडलवर, डोळे तिच्या तोंडावर. तिला गेले आठ दिवस शिकवत होतो — टॅपेटचा आवाज कसा, बेअरिंगचा कसा, कशाला घाबरायचं, कशाला नाही. किल्ली फिरवली. पायाखालची फरशी हलली. लोरेननं भुवया आक्रसल्या. पाटी वर धरली — "बटाटे उकळताना झाकण वाजतं तसं." टॅपेट. तेल चढलं की थांबेल. मी पाय हलवला नाही. जरा वेळानं तिनं पाटी पुसली, लिहिलं, "थांबलं." मग ती नुसतीच उभी राहिली, बॉनेटवर दोन्ही हात टेकून.

बंद केल्यावर विचारलं, कसा होता आवाज? तिनं पाटी नीट पुसली. मग लिहिलं — "तू तेवीस वर्षांचा होतास तसा." मवाळ कॅम असूनही.

मला ऐकायचा होता. एकदाच. सवत म्हणणारी बाई ऐकते आणि मी नाही, हा कुठला न्याय.

२४ मे

परीक्षा म्हणून नदीपर्यंत नेऊन आणली. ओढ काय आहे! सीटमध्ये दाबून बसवते. लोरेन शेजारी. गिअर बदलायची वेळ झाली की मांडीवर टिचकी. काटा बघून मलाही कळतं की. पण तिला सांगितलं नाही.

३० मे, शुक्रवार

उद्या दहा वाजता प्रुइट येणार. गाडी धुतली, पुसली. रेडिओ पुसताना लोरेनची जुनी केसांची पिन सापडली. खिशात टाकली.

जाऊ दे. चांगल्या घरी पडेल. असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. लोरेनपुढे चेहरा हसरा ठेवलाय, तिला पत्ताही नाही.

३१ मे, शनिवार

सकाळी पट्टी सोलली. खाली नंबर नाही. कोरी, गुळगुळीत जागा! बोट फिरवून पाहिलं, चष्मा बदलून पाहिलं.

मागे लोरेन. काखेत खुर्चीवरची उशी.

मी ओरडलोच असणार. म्हटलं, व्हर्जिलनं घात केला! तिनं मान हलवली, पाटी घेतली. "मी सांगितलं त्याला. सरसकट तास म्हणाले. तो तयार नव्हता. मग रडले त्याच्यापुढे." पुसलं. "पट्टी माझी. फ्रीझरची." पुसलं. "प्रुइटला गुरुवारीच कळवलंय."

म्हटलं, तुला तर सवत नको होती. तर म्हणे, "इतकी वर्षं सांभाळली. आता कुठे आमचं जमतंय."

माझ्या खिशातून किल्ली काढून घेतली, उशी सीटवर टाकली, सीट पुढे ओढली आणि शेजारच्या सीटवर हात थोपटला. मी बसलो. पुलापर्यंत तिनं दुसऱ्या गिअरमध्येच चालवली. डोळ्यांतल्या पाण्यानं मला काटाही दिसत नव्हता नीट.

पण एक कळत नाही. मला विकायची नव्हती, हे हिला कळलं कसं?

१ जून, रविवार

सकाळी पाटी टेबलावर होती. "लिहिताना तू मोठ्यानं बोलतोस. जानेवारीपासून. आधी थांबवणार होते. मग थांबवावंसं वाटेना."

आत्ता शिवणयंत्राची थरथर टेबलात येत नाही. म्हणजे ती थांबलीय.

लोरेन, ऐकतेयस ना? पुलावर तिसरा टाकायला हवा होतास.