आपल्याच वजनानं

४ डिसें.
मंगलला मुलगा झाला. सकाळी, रहिमतपूरच्या दवाखान्यात. बेंबीच्या उजव्या अंगाला भोक, आतडी बाहेर. ओली, लाल, वर काही आवरण नाही. आमच्या हिने नातवाला गुंडाळायला आपलं जुनं लुगडं धुऊन आणलं होतं, ते पुढं केलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, कापड नगं, चिकटंल." छातीपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, उजव्या कुशीवर निजवलं, पोटात नळी. ॲम्ब्युलन्सने सांगली. मी आणि जावई सचिन. लेक मंगल तिथंच. तिने नीट पाहिलंही नाही त्याला.

५ डिसें.
आतडी पारदर्शक पिशवीत घालून पोटावर उभी टांगली आहेत. आपल्याच वजनानं रोज थोडी उतरतील, मग भोक शिवायचं. सचिन ऐकेना. "आजच घाला की आत!" डॉ. म्हणाले, पोट लहान आहे, एकदम कोंबली तर श्वास अडकेल.
मला आठवलं. विशीत असताना मेंढीचं कोकरू असंच जन्मलं होतं. मीच अंगठ्याने सगळं आत सारून शिवलं. शाबासकी मिळाली. तासाभरात धापा टाकत गेलं. इतकी वर्षं वाटत होतं, दोरा मळका होता म्हणून गेलं.
सचिनला सांगितलं. "मामा, माझं पोरगं कोकरू हाय व्हय?" मग चहा त्यानेच आणला.

७ डिसें.
निम्मी उतरली. मंगलचा फोन. "आबा, गिराणात मी भाजी चिरली, त्येनं झालं म्हणत्यात."
"डॉक्टरास्नी इचारलंय. तुझं कायबी चुकलं न्हाई."
विचारलं नव्हतं. फोन ठेवून विचारलं. तेच म्हणाले.

८ डिसें.
पाचवी. बाळाच्या काचेच्या पेटीजवळ काही ठेवू देत नाहीत, बरोबरच आहे. यमाईचा अंगारा माझ्याच कपाळाला लावला.

१० डिसें.
पिशवी रिकामी झाली. शिवलं. श्वास ठीक. आतडी चालू होईतो दूध नाही. किती दिवस, सांगता येत नाही म्हणे.

१७ डिसें.
मंगल आता इथंच आहे, सांगलीला, दूध काढून ठेवते. पोटातल्या नळीतून येणारं हिरवं पाणी आता जवळपास पांढरं, म्हणजे आतडी चालू होतायत म्हणे. सकाळी दोन मिली देऊन बघू, सिस्टर म्हणाली.
"पचंल न्हवं, आबा?"
देवाचं नाव घेतलं. दोन मिली किती, ते सिस्टरने सिरिंजवर दाखवलं. नखाएवढं. मंगलने आज पेलाभर काढलंय.