मुद्दाम गाळलेले माप

अप्पा, गेल्या मंगळवारी मी वर्गात, आयुष्यात पहिल्यांदाच, मुद्दाम एक चूक केली. एग्मोरच्या आमच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या पदवीधरांना निर्यातीची कागदपत्रे कशी तयार करावीत हे मी आठवड्यातून एकदा शिकवतो. माझी तयारी चोख असते. कोणत्या मिनिटाला काय सांगायचे हे कागदावर असते, वर्ग वेळेवर सुटतो, आणि कोणी कधी काही विचारत नाही. पुष्कळ वर्षे मी हे माझ्या स्पष्टतेचे प्रमाणपत्र समजत होतो. मंगळवारी मी फळ्यावर लिहिले की माल कारखान्यातून बारा तारखेला निघाला आणि जहाजाने बंदर दहा तारखेला सोडले. बावीस जणांनी ते उतरवून घेतले. पुढच्या बाकावरच्या मुलीने तर त्याखाली पट्टी धरून रेघ मारली. मी खडू हातात धरून उभा राहिलो. चेहरे वर आले ते पुढचे वाक्य घ्यायला. मला ते सहन झाले नाही. मीच तारीख पुसली, बरोबर लिहिली आणि ‘सॉरी’ म्हणालो. त्यांनी तेही उतरवून घेतले असावे.

तेव्हापासून तुम्हाला लिहायचे मनात आहे. ही माझी पुस्तकी मराठी तुम्हाला परकी वाटेल. आपल्या घरची मराठी तंजावरची, तमिळच्या हेलकाव्याची. ती मला बोलता येते, पण तिच्यात मी नेमकेपणाने काही कबूल करू शकेन असे वाटत नाही. शिवाय ती ज्यांच्याशी बोलायची ते तुम्ही आणि आई, दोघेही आता नाहीत.

सैदापेटचे आपले स्वयंपाकघर मला दिसते. संध्याकाळची कॉफी झालेली, आई सुपात तांदूळ निवडते आहे आणि तुम्ही पाटावर बसून मांडीवर वही घेतली आहे. गिंडीच्या त्या प्रशिक्षण केंद्रात तुम्ही अप्रेंटिस मुलांना यंत्राच्या सुट्या भागांचे ड्रॉइंग वाचायला शिकवता. वहीच्या डाव्या पानावर तुम्ही काय सांगणार ते लिहिलेले असते. उजवे पान कोरे, कारण ते पोरांचे. वर्ग झाल्यावर, त्यांनी काय विचारले ते तिथे भरायचे. डावे पान तुम्ही आईला वाचून दाखवता. तिने लेथ यंत्र जन्मात पाहिलेले नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ती तुम्हाला हवी असते. तिचा हात सुपात थांबला की तुम्ही ते वाक्य खोडता. शेवटी तुमचा रोजचा प्रश्न येतो.

“सरी, बरं. उद्या काय विसरायचं?”

“काल काय विसरलात?”

“भोकाचा व्यास.”

“मग उद्या भोकच विसरा.”

“अख्खं भोक? अगं, पोरं हसतील.”

“हसू देत की. हसली म्हणजे बघितलं. तूप आणायचं विसरता तेव्हा बरी इतकी तयारी लागत नाही तुम्हाला!”

मी भिंतीला टेकून इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असे. बी.कॉम. झालो होतो, आणि जाणूनबुजून चुकीचे काही फळ्यावर लिहिणे मला त्या फळ्याचा अपमान वाटत असे. मी ते एकदा बोलूनही दाखवले होते. तुम्ही म्हणालात, “बरोबर चित्र पोरं बघत नाहीत रे, उतरवतात.” त्यावर मी पान उलटले.

तुमच्याच शब्दावर मला त्या केंद्राच्या कचेरीत नोकरी लागली. आपण बरोबर निघायचो, अड्यार नदीवरचा पूल चालत ओलांडायचो. तुम्ही घंटेच्या अर्धा तास आधी पोहोचण्याचा हट्ट धरायचा, म्हणून मलाही लवकर यावे लागे, आणि कचेरी उघडलेली नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात मी तुमच्या वर्गात बसून राहायचो. तुम्ही आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने फळा पुसायचा. त्यानंतर एकेका स्टुलावर बसायचा. पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत, सगळ्या. मला वाटले तुम्ही स्टुलांचे पाय डुगडुगतात का ते पाहता आहात. खिडकीजवळच्या एका स्टुलावर तुम्ही मला बसवलेत.

“काय दिसतं?”

“फळा.”

“सगळा?”

वरचा उजवा कोपरा उन्हाने नुसता चकाकत होता. “बघ. इथला पोरगा महिनाभर तो कोपरा वाचतच नाही,” तुम्ही म्हणालात, “आणि आम्ही कचेरीत सांगतो, मठ्ठ आहे.” तुम्ही ते स्टूल दोन हात आत सरकवले आणि जमिनीवर खडूने खूण केली. मग पिशवीतून लोखंडाचे कापलेले तुकडे काढून प्रत्येक डेस्कावर एकेक ठेवलात. ज्याचे ड्रॉइंग त्या दिवशी व्हायचे, तोच भाग. हातात काही नसले की माणूस नुसता ऐकतो, असे तुमचे म्हणणे होते.

आणि मग वर्ग. पोरे तुकडा फिरवत, माप घ्यायचे कॅलिपर लावत, फळ्याकडे बघत. कुठून तरी आवाज यायचा, “तप्पु, सार! चूक आहे!” तुम्ही अतिशय भोळा चेहरा करून मागे वळायचा. “माझी? एंगे? कुठे? ये, दाखव.” तो पुढे येऊन दाखवायचा, दुसरा उठून त्याला खोटे पाडायचा, तिसरा तुकडा नाचवत दोघांवर ओरडायचा. “तुझ्या मापानं कापलं,” तुम्ही एकाला म्हणालात, “तर हा तुकडाही जाईल आणि तुझा अंगठाही. एकच ठेवायचा तर कुठला ठेवशील?” सगळा वर्ग हसला, तोही हसला, आणि पुन्हा मोजायला बसला.

त्या वर्षी नवे प्रशिक्षण अधिकारी आले. त्यांना सगळ्या वर्गांत छापील तक्ते आणि एकसारखे पाठ हवे होते. जुन्या चार शिक्षकांच्या वर्गांत मागे बसून दोन आठवडे नोंदी करण्याचे काम त्यांनी मला दिले. तक्ता मीच आखला आणि मला त्याचा अभिमान होता. वर्ग सुरू झाल्याची वेळ, फळ्यावरील त्रुटी, परवानगीशिवाय बोललेले विद्यार्थी, आणि शेवटी शेरा. अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला सरळ विचारले, “चौघांपैकी एक तुमचे वडील आहेत. त्यांचा वर्ग दुसऱ्या कोणाला देऊ का?”

मी नको म्हणालो. मी म्हणालो, माझ्या नोंदींत फरक पडणार नाही. हे वाक्य मी इंग्रजीत उच्चारले आणि ते मला फार आवडले. मुलगा बापाला सांभाळून घेतो, असे कचेरीत कोणी म्हणू नये, एवढेच तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे होते. घरी मी तुम्हाला तक्त्यातले रकाने सांगितले नाहीत. तुम्हीही विचारले नाही. पहिल्या दिवशी मी शेवटच्या रांगेत येऊन बसलो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहून मान हलवलीत आणि इतरांच्या डेस्कावर ठेवता तसा एक तुकडा माझ्याही डेस्कावर ठेवलात.

दहा वर्ग, नऊ त्रुटी. बाकीच्या तिघांच्या मिळून दोन. परवानगीशिवाय बोलणाऱ्यांची संख्या तुमच्या वर्गात एवढी होती की रकाना पुरला नाही, मी पुरवणी कागद जोडला. शेऱ्याचा रकाना मी दहाही दिवस कोरा ठेवला. तिथे एक ओळ मावत होती: शिक्षक ही चूक आदल्या संध्याकाळी ठरवून करतात. मला ते माहीत होते. माहीत असलेला त्या इमारतीतला, तुमच्याखेरीज, मी एकटाच होतो. पण ते मला घरात कळले होते, वर्गात दिसले नव्हते, आणि तक्ता वर्गात दिसलेल्या गोष्टींचा होता. असा युक्तिवाद मी स्वतःशी केला आणि तो मला निर्दोष वाटला. अधिकाऱ्यांनी कागद चाळले. “नऊ?” म्हणाले. मी हो म्हणालो. “खात्री आहे?” मी पुन्हा हो म्हणालो. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला असता तर मी खरे सांगितले असते, असे मी अनेक वर्षे मानत आलो.

तुम्हाला हत्यारांच्या स्टोअरला पाठवले. जाळीच्या खिडकीतून पोरांना कानस, करवत, कॅलिपर द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे, हे काम तुम्ही निवृत्तीपर्यंत सहा वर्षे केलेत. तुमच्या खोलीत छापील तक्ते लागले. मी तिथून जाता-येता ऐकत असे. खोलीतून एकच आवाज येई, शिकवणाऱ्याचा.

बातमी कळली त्या संध्याकाळी तुम्ही मला जवळ बोलावून माझ्या नोंदींच्या तक्त्याची प्रत मागितलीत. चष्मा लावून दहाही पाने वाचलीत, एकेक त्रुटी बोटाने तपासलीत. “सगळं बरोबर लिहिलंयस,” तुम्ही म्हणालात. “एकसुद्धा चुकलं नाही.” आणि पाने नीट जुळवून परत दिलीत. तुम्ही रागावला असता तर माझ्याजवळ उत्तर तयार होते. आई मात्र चुलीपासून वळली. “त्यातल्या पाच माझ्या होत्या,” ती म्हणाली. “माझं नाव लिहायचं होतंस की. तुझ्या त्या कागदात बायकांना रकाना नाही काय?” तुम्ही तिला “पोदुम, पुरे” म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नेहमीसारखे बरोबर निघालो. पुलावर तुम्ही नदीत पाणी किती कमी झाले आहे याबद्दल बोललात. स्टोअर घंटेलाच उघडते, अर्धा तास आधी जायची आता गरज नव्हती; तरीही आपण लवकरच निघालो होतो.

मंगळवारच्या फजितीनंतर मी तुमच्या वह्या काढल्या. आधी मला वाटले होते की युक्ती म्हणजे ती चूक. तुमची उजवी पाने वाचताना ते तसे नव्हते हे दिसू लागले. ‘दुसरी रांग, भिंतीकडचा: आतली बाजू दिसत नाही तर आहे हे कशावरून?’ ‘तोच, पुन्हा. उद्या तुकडा मधून कापून नेणे.’ पानामागून पाने अशी आहेत. माझ्या बावीसांपैकी कोण कुठे बसते हे मला सांगता येणार नाही. त्यांच्या हातात मी पेनशिवाय काही दिलेले नाही. जी माणसे मी सहा आठवडे गप्प बसवली, त्यांनी सातव्या आठवड्यात माझी चूक ओरडून सांगावी अशी माझी अपेक्षा होती. एक गोष्ट मात्र वह्यांत कुठेच सापडली नाही. चूक लिहून झाल्यावर तुम्ही किती वेळ गप्प उभे राहायचा? मी दहा दिवस मनगटावर घड्याळ बांधून मागे बसलो होतो आणि त्यासाठी मी रकाना आखला नव्हता.

हा कागद कोणाला दाखवायचा नाही, आणि तुमच्यापर्यंत पोहोचेल असे मानण्याइतका मी भाबडा नाही. तरीही लिहायला बसल्यावर एक नोंद अपुरी ठेवणे माझ्या स्वभावात बसत नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही एका ठोकळ्याचे ड्रॉइंग काढलेत आणि आतली खाच दाखवणारी तुटक रेघ गाळलीत. ती मला पोरांच्या आधी दिसली. मी, कारखान्याचा गंध नसलेला माणूस, हातातला तुकडा फिरवत होतो, अंगठा त्या खाचेत गेला, वर पाहिले तर फळ्यावर खाच नव्हती. एकदम ओरडावेसे वाटले. तुम्ही वळलात, आणि तुम्हाला माझ्या चेहऱ्यावरून ते कळले. तुम्ही माझ्याकडे पाहत थांबलात. मी मान खाली घातली आणि चौथी त्रुटी लिहिली. ती शांतता बरीच लांबली, शेवटी पुढच्या रांगेतला कोणी तरी ओरडला. अप्पा, तेवढा वेळ तुम्ही माझी वाट पाहत होता, हे मला तेव्हाच कळले होते.