दारावरचे खडूचे गोल

प्रिय कनीज आपा,

हे पत्र एकटी बसून वाच. दरवेळी माझं पत्र आलं की तू अब्बाले मोठ्यानं वाचून दाखवते, शेजारची नीलाबाईही येऊन बसते, आणि मी काय खाऊन राह्यलो याची मोहल्ल्यात चर्चा होते. यावेळी तसं करू नको. अब्बानं विचारलं कोणाचं पत्र, तर सांग अंगणवाडीच्या मॅडमचं. खोटं बोलणं तुले जड जाते, तरी बोल. अब्बाच्या जिवाची गोष्ट आहे. आठवीतून पळालेल्या माणसाचं लिहिणं, एक सांगता सांगता दुसरीकडेच जातो, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकला. बाकीचं आता बैजवार सांगतो.

सुरतेत लूमवर मी टिकलो नाई, रायपुरात हॉटेलात टिकलो नाई, तुले सगळं माहीत आहे. जोधपुरात मात्र टिकलो. तू फोनवर विचारायची, सेठचा धंदा नेमका कोणता रे, तर मी म्हणायचो, जुन्या सामानाचा. आपा, ते सामान तू पाह्यलं असतं तर घाबरली असती. शेडमध्ये डोंगरासारखे दरवाजे पडलेले, नुसते दरवाजे, घर नसलेले. चिनी मातीच्या बरण्या भुशात गाडलेल्या, रंगीत काचेचे दिवे छताले टांगलेले. एका कोपऱ्यात लाकडाचे देव उभे, कोण्या गावचे ते कोणालेच ठाऊक नाई. सुरुवातीच्या दिवसांत मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवत नव्हतो. माझं काम धुणं, पुसणं, भुशात बांधणं. आणि नवं जुनं करणं. नव्या बरण्या चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, वरून माती चोळायची, की परदेशी गिऱ्हाईक हात फिरवत म्हणते, शंभर वर्षं. आम्ही आतून हसतो.

अब्बाले हे सांगतलं तेव्हा ते हसले नाई. चिडले. कारण घरी त्यायच्या फळीवरचं सगळं खरं आहे. बांगड्यांची पेटी सायकलीले बांधून त्यायनं जन्मभर जंगलातले बाजार केले, आणि जिथी जिथी जुनी काच, जुनी चिनी माती दिसली, तिथी बांगड्यांच्या बदल्यात मागून आणली. इंग्रजाच्या काळातल्या कोण्या जंगलसाहेबाची निळ्या वेलाची ताटली, गोटीवाल्या सोड्याच्या बाटल्या, मोर कोरलेली तंबाखूची लाकडी डबी. अम्मी म्हणायची, या डबड्यांच्या जागी दोन पोते तांदूळ मावले असते. अब्बा म्हणायचे, तांदूळ संपतो. विकायचं म्हणून त्यायनं कधी काही आणलं नाई. आपल्या अख्ख्या अहेरीत त्या फळीले कोणी विचारलं नाई, ही खंत मात्र त्यायच्या मनात होती. मले ती दिसायची.

म्हणून जे झालं, त्यात मी अब्बाले दोष देत नाई. उरुसाले अजमेरले आले तेव्हा ते माझ्याकडं जोधपूरले येऊन गेले, आठवते ना? शेडमध्ये पाय ठेवला आणि अब्बा लहान पोरासारखे झाले. हे उचल, ते पाहा, याच्यावर हात फिरव. सेठचा एक माणूस आहे भंवरलाल, गावोगाव फिरून माल हुडकणारा. त्यानं अब्बाले खाटेवर बसवलं, चहा पाजला, म्हणे, चाचा, तुमच्याकडे जंगलात काय काय आहे? बस. अब्बाले आयुष्यात पहिल्यांदा कोणी हे विचारलं होतं. त्यायनं गावं सांगतली, घरं सांगतली. कोणाच्या घरी पितळेचा हत्ती आहे, कोणाच्या दाराच्या चौकटीवर नाचणारी माणसं कोरली आहेत, कोण्या म्हातारीनं आपली लाकडी फणी अजून जपून ठेवली आहे. भंवरलाल म्हणे, वा चाचा, तुम्ही तर चालतंबोलतं अजायबघर! मी बाजूले बरण्या पुसत होतो. अब्बाचं तोंड असं फुललेलं मी अम्मी गेल्यापासून पाह्यलं नव्हतं. मलेही बरं वाटत होतं.

मंग दिवाळी झाली आणि भंवरलाल आपल्याकडे आला. तू त्याले जेवू घातलं, फोनवर सांगत होती, वांग्याची भाजी त्यानं दोनदा मागून घेतली म्हणून. सुरुवातीची दोन-तीन गावं अब्बा स्वतः त्याले घेऊन फिरले, ओळख करून दिली, हा माझ्या पोराच्या सेठचा माणूस. पुढं त्यानं मोटरसायकल भाड्यानं घेतली आणि एकटाच फिरायले लागला, अब्बाचं नाव सांगत. आता त्याच्या कामाची रीत ऐक, कारण सगळं तिथीच आहे. तो पहिल्या फेरीत काही विकत घेत नाई. घरं पाह्यतो, वस्तूचा फोटो काढतो, आणि ज्या घरात घेण्यासारखं आहे त्या घराच्या चौकटीवर खडूनं एक गोल काढतो. घेण्यासारखं काही नाई, त्या घरावर फुली. मागून गाडी घेऊन येणाऱ्या माणसानं फक्त गोल पाह्यचे, उगाच विचारत बसायचं नाई. राजस्थानात हे सगळीकडे चालते. पोरं तो खडू पुसून टाकतात, बाया हसतात, कोणी काही म्हणत नाई.

भंवरलालनं तिकडून टपालानं पाठवलेले कॅमेऱ्याचे रोल धुवून आले ते सेठनं माझ्याच हाती दिले, म्हणे, तुझा मुलूख आहे, मागं गावांची नावं लिही. मी लिहायले बसलो. पहिल्या फोटोत पितळेचा हत्ती. दुसऱ्यात कोरलेली चौकट, आणि चौकटीवर गोल. मंग आणखी घरं, आणखी गोल. शेवटी नदीपलीकडचं सोमारीचं गाव. तीच सोमारी, जिच्या लग्नात अब्बानं कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या आणि मले कॅरियरवर बसवून नेलं होतं. तिच्या दारावरही गोल. दार अर्धं उघडं, ती आतून पाहून राह्यली. हसत नव्हती. मी तो फोटो उलटा ठेवला, आपा. आपल्याकडे अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन फिरतो, घराघरावर खुणा करतो, याचा अर्थ काय लावतात, हे जोधपूरच्या माणसाले कसं कळावं? पोलीस म्हणतील, हा अंदरवाल्यांसाठी, जंगलातल्या बंदूकवाल्यांसाठी घरं हेरून राह्यला. अंदरवाले म्हणतील, हा पोलिसांसाठी. दोन्हीकडून एकच नाव निघते, अब्बाचं, नूर मोहम्मद बांगडीवाला.

तो कपडेवाला आठवते ना तुले? उधारी लक्षात राहावी म्हणून घरांची नावं लिहून ठेवायचा. दुसरं काही नव्हतं त्या बिचाऱ्याच्या मनात. एका बाजाराच्या दिवशी अंदरवाल्यायनं त्याले दोन गोष्टी बोलायच्या आहेत म्हणून बोलावलं. त्याची सायकल सापडली, चेन चढवलेली, हवा भरलेली. तो सापडला नाई. त्याची बायको कितीतरी दिवस ती सायकल पुसून दारात ठेवत होती. मी तेव्हा लहान होतो, त्या सायकलीवर बसायले मागत होतो, आणि तू मले थापड मारली होती.

फोटो पाह्यल्यावर मी झाडूले फोन केला. आपला झाडू, काळी-पिवळी जीप चालवतो तो. त्यानं जे सांगतलं ते त्यानं तुमच्यापासून लपवून ठेवलं आहे. म्हणे, जुबेर, चाचाच्या पेटीजवळ आता बाया येत नाई. सोमारीच्या गावच्या बाया बाजारात येतात, मीठ घेतात, तेल घेतात, चाचासमोरून खाली मान घालून जातात. एकीनं पदराखाली हात लपवला. अब्बा म्हणाले, काऊन गं, नाराज आहेस? ती मिठाच्या दुकानाकडे वळली. आपा, बांगडीवाल्यासमोर बाई हात पुढं करते म्हणजे काय, हे तू मले शिकवलं आहे. परक्या मरदाच्या हाती आपला हात देते, इतका भरवसा. तो हात जर पदराखाली गेला, तर बाकी काय राह्यलं? अब्बाले वाटते, प्लास्टिकच्या बांगड्या आल्या म्हणून धंदा बसला. झाडूनं त्यायले तसंच वाटू दिलं.

तेवढ्यात भंवरलाल परत आला. आपल्या उन्हाची थट्टा करत होता. मी त्याले बाजूले घेऊन विचारलं, कोणी काही बोललं का तिथी? म्हणे, काही नाई रे, सोमारीच्या गावाबाहेर दोन पोरांनी गाडी अडवली. दारावर गोल कोणी काढले विचारलं. मी सांगतलं, नूरचाचानं पाठवलं आहे. तर लगेच रस्ता सोडला. म्हणाले, बरं, मंग आम्ही नूरचाचासोबतच बोलू. आणि आपा, तो हसत होता. म्हणे, तुझ्या बापाचं तिकडे मोठं नाव आहे. मले त्याचा गळा धरावासा वाटला, पण त्याचा काय दोष. त्याले खरंच वाटत होतं की तो मान होता.

त्याच दिवशी अब्बाचा फोन आला. आवाज कसा खुललेला. म्हणे, बेटा, सोमारीच्या गावाचं बोलावणं आलं आहे. कोणाच्या तरी घरी हिरव्या काचेची हंडी निघाली म्हणतात, जुनी, छताले टांगायची. आधी तुम्ही येऊन पाहा, म्हणतात, पाहुण्याले आणू नका, एकटेच या. बाजाराच्या दिवशी, दुपारून. मी म्हटलं, अब्बा, जाऊ नका. ते म्हणाले, अरे वेड्या, रुसलेले लोक स्वतः बोलावून राह्यले, आणि मी जाऊ नको? फोनवर जास्त सांगता येईना. एसटीडीच्या दुकानात त्यायच्या मागं चार माणसं उभी असतात, हे मले इथून दिसत होतं. जे गाव हात पुढं करत नाई, ते हंडी कशी दाखवेल, हे अब्बाले कळत नाई. चांगल्या काचेचं नाव निघालं की त्यायले दुसरं काही दिसत नाई.

म्हणून हे पत्र. आपा, मी जोधपुरात नाई. आलापल्लीच्या स्टँडवर, चहाच्या टपरीत बसून लिहून राह्यलो. आज तो बाजाराचा दिवस आहे. घर इतकं जवळ आहे की पायी आलो असतो, पण मले पाहून अब्बा सोबत निघतील आणि तुझंही ऐकणार नाई. झाडू मले नदीपर्यंत सोडेल आणि परत येऊन हे पत्र तुझ्या हाती देईल, म्हणजे तू वाचशील तेव्हा मी पलीकडे गेलेला असेन. सारे फोटो आणि त्यायच्या निगेटिव्ह सेठले न विचारता उचलून आणल्या आहेत, त्या पलीकडच्या लोकांसमोर ठेवतो. खडूच्या गोलाचा अर्थ सांगतो. घराघरात जाऊन माझ्या हातानं पुसतो. माडिया बोली मले मोडकीतोडकी येते, सोमारी मले ओळखते, कोणीतरी ऐकून घेईल. तू म्हणशील, सगळे मिळून पळून जाऊ. पळालो तर ते खरं ठरते, आणि पोलिसाकडे गेलो तर आणखीच खरं ठरते. कोणीतरी जाऊन बोललंच पाह्यजे, आणि अब्बाले त्यायचा गुन्हाच ठाऊक नाई, ते काय बोलणार? ते तर हंडी मागत बसतील. तू आता इतकंच कर. छातीत दुखते म्हण, पोटात दुखते म्हण, जमिनीवर लोळ, पण अब्बाले तुले घेऊन दवाखान्यात बसवून ठेव, अंधार पडेपर्यंत. तुझ्यासाठी ते हंडीही सोडतील. मी खूप भ्यालो आहे, हे तुलेच सांगतो, त्यायले नको सांगू. संध्याकाळी झाडूची जीप वाजली तर धावत दारात येऊ नको, अब्बाले शंका येईल. मी त्यात असलो तर स्वतःच आवाज देईन.

तुझाच,
जुबेर